साडूंचे तळपाय

स्वतःच्या तळपायांचा एवढा गर्व असलेला माणूस माझ्या थोरल्या साडूंखेरीज अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. सेलूला त्यांचा कापूस खरेदीचा धंदा. बाकीचे व्यापारी कापूस मुठीत दाबून ओल पाहायचे; साडू चपला काढून थेट ढिगावर चढायचे आणि तळपायाला विचारायचे. "ओल मापायचं मशीन झूट बोलंल, पाय न्हाई!" साखरेचं दुखणं जुनंच, पण गोळी घेतली की वर जिलेबी हवीच. "गोळीला काम तं पायजे का न्हाई?"

गेल्या हंगामात डाव्या अंगठ्याखाली काहीतरी रुतलं. दुखलं नाही म्हणून स्वारी खूश. जखम झाली तशी तिच्यात हळद आणि जिनिंगमधली ताजी रुई कोंबली, दुकानातून कसल्याशा गोळ्या आणल्या आणि पू थांबताच अर्ध्यात सोडल्या. मेहुणीला वास यायला लागला, तर म्हणे, "सरकीचा हाय त्यो."

मग एकदा माझ्यादेखत ढिगावरून त्यांनी हुकूम सोडला, "कोरडा हाय, घ्या!" माल आणणारा शेतकरीच ओशाळून म्हणाला, "शेठ, भिजलाय वो." मी हात घातला, तर कापूस ओलागच्च. साडूंनी एक पाय ठेवून पाहिला, मग दुसरा. चेहरा पांढराफटक पडला. "पाव्हणं, मला कायबी कळंना झालंय."

परभणीच्या डॉक्टरांनी रुई उपसली तेव्हा आत काळं पडलं होतं. जंतू हाडापर्यंत गेले होते आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्यांना आता दाद देत नव्हते. कोणतं औषध लागू पडेल ते बघायला पू तपासणीला गेला. डॉक्टरांनी पायावर चढत आलेल्या लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारली. लाली रेघेच्या वर सरकत गेली तर पाय काढावा लागेल, म्हणाले. झालं! साडू नर्सला, झाडूवालीला, शेजारच्या खाटेवरच्या आजीलाही पाय दाखवायचे. "रेघंच्या खालीच हाय ना? नीट बघा, माय." हसू यायचं, आणि मग माझीच नजर त्या रेघेवरून हलायची नाही.

अंगठा गेला, पाय राहिला. आता मेहुणी रोज त्यांचा पाय मांडीवर घेऊन तळवा निरखते. परवा मी गेलो तेव्हा ती त्यावरून बोट फिरवत होती, आणि साडू खिडकीबाहेर बघत होते.

"कळतंय का वो?" तिनं विचारलं.

"कळतंय की. न कळायला काय झालं?"

तिनं बोट केव्हाच उचललं होतं.