दिपमालाची तुटलेली सममिती

एरंडोलजवळच्या खेड्यातली दिपमाला धुळ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, आणि सणवार, लग्नाची बोलणी सगळं बाजूला सारून पीएचडीचा एकच विषय उराशी धरून बसली होती. आई कमलबाई विचारायची, तू करतेस तरी काय? दिपमाला सांगायची, जगात दोन जातींचे कण असतात, आणि सुपरसिमेट्री म्हणते की प्रत्येकाला दुसऱ्या जातीत जोडीदार आहे. कणांना मिळतो, तुलाच तेवढा मिळत नाही, असं म्हणून कमलबाई भाकरी थापायला लागायची.

अशा काही सिद्धांतांत आणखी एक गंमत असते. जवळून पाहा की लांबून, नियमांचं रूप बदलत नाही. ही मापाची सममिती आणि जोड्यांची सममिती एकाच बीजगणितात गुंफलेल्या असतात; एक धागा ओढला की सगळंच हलतं. दिपमालाच्या सिद्धांतात मापाची सममिती टिकते, असं सगळे धरून चालले होते. बारीक गणितात ती तुटते, असं हिने दाखवलं. सगळा प्रबंध त्या एका तुटण्यावर उभा होता.

खुल्या तोंडी परीक्षेच्या सकाळी शेवटची उजळणी करताना तिला एक चूक दिसली. या गणितात अनंत आकडे उपटतात, आणि त्यांना आवरण्यासाठी जगाच्या मिती चारापेक्षा किंचित कमी धरतात. पण सुपरसिमेट्री असेल तर जोडीचा मेळ राहावा म्हणून कणांच्या घटकांची संख्या घटवायची नसते. तिने एका प्रकरणात जुना प्रोग्राम तसाच चालवला होता, आणि त्याने जोडीतल्या एकाचे घटक घटवले होते, दुसऱ्याचे तसेच ठेवले होते. म्हणजे सममिती तुटलीच नसेल. दिपमालाच्याच कात्रीने ती कापली असेल.

मार्गदर्शक जितेंद्र सरांना सांगावं म्हणून ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. सभागृहात शाल आणि नारळ आधीच ताटात मांडून ठेवले होते. मागच्या अंगणात वरण-बट्टीचा धूर निघत होता. वडील चिंधा आबा निम्मी भावकी गाडीत भरून घेऊन आले होते आणि नवी टोपी घालून पहिल्याच रांगेत बसले होते. आपल्याकडे निकालाआधी जेवण शिजतं, मग नापास कोण होणार? तिला त्या धुराचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

ती बोलली. ते प्रकरण आलं तेव्हा तिने स्लाइड भरकन पुढे सरकवली, आणि आता पकडणार म्हणून परीक्षकांकडे चोरून पाहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दुसरंच काहीतरी विचारलं आणि समाधानाने मान हलवली. मग रीतीप्रमाणे अध्यक्ष म्हणाले, श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का? तिथे कधीच कोणी काही विचारत नाही. सुटले, असं तिला वाटलं.

पण चिंधा आबांना ही रीत कुठली ठाऊक? त्यांच्याकडे बैठकीत पंचांनी विचारलं आणि कोणीच उठलं नाही, तर तो पंचांचा अपमान. ते टोपी सावरत उभे राहिले. भावकीने कौतुकाने माना वळवल्या.

"बेटा, तू जे सांगं ते बठ्ठं खरं शे ना?"

सगळं खरं आहे ना, एवढाच प्रश्न; सभागृह हसलं. अध्यक्षही हसले आणि शालीच्या ताटाकडे वळले. आबा मात्र तसेच उभे होते, कारण उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसायचं नसतं.

हो म्हणायला दिपमालाला एक शब्द पुरला असता. तिने भरकन सरकवून लपवलेली ती स्लाइड परत लावली.

"नही, आबा," ती म्हणाली. "एक गोट मी दपाडी ठेयेल शे."