सुक्या बोंबलांपाशी मेलेली मुलगी

मी तलासरीच्या आठवडी बाजारात मेले, हे मला मसोलीच्या मावशीच्या फोनवरून कळलं. ती ढसाढसा रडत होती आणि मी वरोरला घरच्या ओट्यावर बसून चहात पाव बुडवत होते. "अगं, मीच बोलतेय," म्हटलं, तर तिला आणखीच रडू फुटलं. मग तिने मला तो व्हिडिओ पाठवला.

मुळापासून सांगते. मे महिना होता, सीमेवर लढाई पेटली होती, भोंगे वाजवून सराव चालले होते. आणि आमच्या डहाणूच्या कॉलेजातली शिकलीसवरली पोरं स्टेटस टाकत होती, 'गॅस सोडा त्यांच्यावर, एका रात्रीत विषय संपेल.' खाली हसरे चेहरे. माझं डोकंच फिरलं. विषारी वायू सैनिक बघत नाही, तान्हं बघत नाही; जो श्वास घेतो तो तडफडून मरतो. रोगाचे जंतू सोडले तर ते काय तारेच्या कुंपणापाशी थांबणार आहेत? असली शस्त्रं बनवणार नाही, वापरणार नाही, अशा करारांवर आपल्या देशाने सही केलेली आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं, 'मग तिकडेच जाऊन राहा.' वा रे वा. विष नको म्हटलं तर मी देशाची वैरी.

आम्ही पाच-सहा जणांनी चिडून पथनाट्य बसवलं. कोणीही, कोणावरही, कुठल्याही लढाईत असली शस्त्रं वापरू नयेत, एवढंच त्यात होतं. वायू लागून मरणारी मुलगी मी. आईला हा रिकामटेकडेपणा वाटायचा. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," असं म्हणत ती बोंबील बांधायची. तिचंही चूक नव्हतं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की मासळी बंद, म्हणून डोंगराकडच्या गावांतली माणसं मे महिन्यातच आगोटीची सुकी मासळी भरून ठेवतात. तलासरीचे ते दोन-तीन बाजार साधले तर आमचं पावसाळ्याचं घर चालतं, नाहीतर नाही.

नाटकाला बाजारात जागा मिळेना. शेवटी आईनेच आपल्या पाट्या सरकवल्या आणि म्हणाली, "मरायचंच तर इथे मर, सावली आहे." मी तोंडात टूथपेस्ट धरली होती. डफ वाजला, मी गळा धरून पडले, तोंडाला फेस आला. बघणारे थोडेच होते. एक म्हातारे गृहस्थ मधूनच म्हणाले, "हे जगाचं लफडं, आपल्याला काय त्याचं?" आणि मिरच्या घ्यायला निघून गेले.

पण कोणीतरी फोन धरला होता. व्हिडिओत ना डफ होता, ना आमचं एक वाक्य. मी फेस गाळत पडलेली, शेजारी बोंबलांचा ढीग, आणि मागे आई शांतपणे गड्ड्या लावतेय. वर मजकूर, 'दुश्मनाने समुद्रात विष सोडलं. सुकी मच्छी खाऊन मुलगी जागीच गेली. बाई बघा, उठतसुद्धा नाही. पुढे पाठवा.'

पाठवला. अख्ख्या तालुक्याने पाठवला. ज्यांना विषारी वायूवर आमची दहा मिनिटं ऐकायला वेळ नव्हता, त्यांनी तो मामा-काकांसकट सगळ्यांना पाठवला. मी जिवंत आहे असा व्हिडिओ टाकला, तर म्हणे दबाव आणून बोलायला लावलंय.

पुढच्या बाजारी आईसमोर माणूस फिरकलं नाही. वर्षानुवर्षं आमच्याकडूनच मासळी नेणारी डोंगराकडची एक मावशी लांबूनच हात हलवून गेली. एक जण माझ्यासमोर उभा राहून "नको बाबा, विषबिष असेल" म्हणाला. त्याच्या पिशवीत भेंडी होती आणि तिच्यातच किडीच्या औषधाची बाटली. मी त्याला ऐकवणार होते, आईने माझा हात दाबला. आमच्याच गावच्या बायका पाट्या उचलून आमच्यापासून दूर जाऊन बसल्या. "तुझ्या पोरीने आमच्या पोटावर पाय दिला," त्या आईला म्हणाल्या. मी नाटक केलं होतं, खोटं दुसऱ्याच कोणी पसरवलं होतं. पण त्याचं तोंड कोणाला ठाऊक नव्हतं आणि माझं समोर होतं. सगळा माल टेम्पोत घालून परत आणला.

घरी मला वाटलं, आता आई मला फाडून खाणार. ती म्हणाली, "पुढचा बाजार शेवटचा. जिथे मेलीस तिथेच परत मर. सगळं पहिल्यापासून कर, म्हणजे लोकांना दिसेल."

शेवटच्या बाजारी गर्दी झाली. व्हिडिओतली मेलेली मुलगी परत मरणार म्हटल्यावर कोण थांबणार नाही? ती डोंगराकडची मावशीही नातवाला कडेवर घेऊन उभी होती. डफ वाजला, आम्ही पहिल्यापासून सगळं केलं. मी पडले. मागून कोणीतरी म्हणालं, "मस्त मरते हां," आणि माणसं हसली.

तेव्हा आई उठली. हे नाटकात नव्हतं.

"हसताय काय," ती म्हणाली. "ही माझी पोरगी. ही खोटी मेली तर तुम्ही दोन आठवडे माझ्या हातच्या मासळीला शिवला नाहीत. जगात कुठे कुठे पोरं खरी मेलीत अशा विषाने. ही ते सांगत होती तेव्हा तुम्ही मिरच्या घेत होता. मीपण बोंबील लावत बसले होते. एका तरी आईसाठी कोणाच्या घशात घास अडकला का?" तिचा आवाज फाटला होता. तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मेलेली असल्यामुळे मला डोळेही पुसता येत नव्हते.

मावशीने नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. डफवाला पोरगा पुढचं वाक्यच विसरला.

मग मागून एकाने विचारलं, "बोंबील कसे दिले?"

एवढ्यासाठीच आईने मला परत मारलं होतं. पण ती त्या माणसाकडे नुसती बघत राहिली. त्याने परत विचारलं. शेवटी मी उठून बसले, तोंडावरचा फेस बाहीने पुसला आणि भाव सांगितला.