मिस्त्रींचं काळं इंजिन

होडीचं जुनं इंजिन मिस्त्रींनी अंगणात स्टँडवर चढवलं. आधी पेट्रोल काढलं, प्लगची वायर सोडवली, मगच साबणाचं कोमट पाणी घेतलं आणि कानाकोपऱ्यांसाठी दात घासायचा एक जुना ब्रश.

"तारेचा ब्रश मारा, पटकन होईल," शेजारी म्हणाला.

"आधी तुमच्या टकलावर मारून बघू?" मिस्त्री खेकसले.

सासऱ्यांनी दिलेलं हे इंजिन हिरवं, असं बायको तीस वर्षं सांगत होती. मिस्त्री छातीठोकपणे म्हणत, काळंच! तिसऱ्या बादलीला चिकट थर सुटला आणि खालून पोपटी हिरवा रंग लखलखला. मिस्त्रींनी घाईघाईने वर फडकं टाकलं.

खिडकीत बायको पोट धरून हसत होती. "झाकताय काय? हिरवंच आहे! आणि तो ब्रशही जुना नाही, माझा आहे!"