काळी शंकरपाळी

हिंदी मुलखातल्या आमच्या ऑफिसात मेडिकल कार्डांचं काम नव्या सॉफ्टवेअरवर जाणार हे ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. मी हिशेब विभागातला माणूस. कर्मचारी, त्यांची बायकामुलं, निवृत्त झालेले आणि वारलेल्यांच्या मागे राहिलेल्या बायका, या सगळ्यांची नावं वेगवेगळ्या रजिस्टरांत होती आणि एक रजिस्टर दुसऱ्याशी जुळत नव्हतं. ते न जुळणं मला पायातल्या काट्यासारखं टोचायचं.

त्या नावांत एक नाव माझ्या वहिनींचं होतं. माझा मोठा भाऊ याच ऑफिसात होता. तो गेल्यापासून वहिनी शहराच्या दुसऱ्या भागात, गढ्याला, एकट्या राहतात आणि दर महिन्याला त्याच कार्डावर डिस्पेन्सरीतून हृदयाची औषधं घेतात. कार्ड निळ्या पुठ्ठ्याचं, त्यावर दोघांचा जोडीचा फोटो. नवी व्यवस्था आली की जुनी कार्डं बंद होणार होती. वहिनींचं नाव नव्या व्यवस्थेत नीट जावं, औषधं चुकू नयेत, एवढीच माझी इच्छा.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आधी त्याचा नकाशा काढून पाठवला. तो तपासून आमच्या विभागाने सही करायची होती. साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "आप तो कॉमा भी नहीं छोड़ते. आप ही देखिए."

मी कागद उघडला आणि हबकलो. चौकोन, रेघा, बाण, काड्यांची माणसं. पन्नाशी ओलांडलेला, ताळेबंद एका बैठकीत वाचणारा मी त्या कागदापुढे निरक्षर होतो. न समजता सही करणं मला जमणारं नव्हतं. म्हणून शिकायला बसलो.

त्या चिन्हांच्या भाषेला यूएमएल म्हणतात. घर बांधण्याआधी जसा नकाशा, तसा सॉफ्टवेअर बांधण्याआधी हा. जगात कुठेही तेच चिन्ह आणि तोच अर्थ. शिकवायला कंपनीची एक मुलगी यायची, वयाने माझ्या मुलीएवढी. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला सर.

रेघांच्या टोकाला आकडे दिसले तेव्हा जिवात जीव आला. इकडे एक, तिकडे शून्य किंवा एक. म्हणजे एका कर्मचाऱ्याला एक बायको असेल किंवा नसेल. हे समजण्यासारखं होतं. पण मुलांच्या चौकोनापाशी आकड्याच्या जागी नुसती चांदणी होती. हिशेबाच्या कागदात चांदणी म्हणजे खाली टीप. मी पान उलटसुलट करून टीप शोधली.

"टीप नहीं है सर," मॅडम म्हणाल्या. "स्टार मतलब कितने भी."

"कितने भी?"

"कितने भी."

इतक्या वर्षांच्या नोकरीत 'कितीही' असा आकडा मी कुठल्याच कागदावर पाहिला नव्हता. त्या दिवशी तोच मला मोठा धक्का वाटला होता.

रविवारी वहिनी आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. जेवण झाल्यावर मी टेबलावरच तो नकाशा वहीत उतरवून काढत होतो, म्हणजे हात बसेल. एक चौकोन कर्मचाऱ्याचा, एक पत्नीचा, मधे रेघ. कर्मचाऱ्याच्या बाजूला रेघेच्या टोकाशी एक लहान शंकरपाळीच्या आकाराची खूण होती, आतून काळी भरलेली. तिचा अर्थ मला अजून शिकवलेला नव्हता. मी पेनाने ती नीट भरत होतो.

बायको मागून डोकावली. "काय करून राहिले हे? शंकरपाळी जळाली वाटते तुमची."

"निशाणी आहे ती. ऑफिसची."

"अच्छा, म्हणजे ऑफिसातही जळून राहिली."

वहिनींनी चष्मा लावला आणि वही जवळ ओढली. "जळली नाही गं. काळा मणी आहे तो. बघ ना, नवरा इकडे, बायको तिकडे, आणि मधे दोऱ्यात मणी."

आम्ही तिघंही हसलो. वहिनींचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला. गळ्यात साधी सोन्याची साखळी होती. त्यांनी हात खाली घेतला आणि विषय बदलला.

सोमवारी मी मॅडमना पहिला प्रश्न तोच विचारला. ही काळी शंकरपाळी काय आहे?

"डायमंड, सर. काला मतलब पक्की मालकी. मालिक गया तो ये भी गया. अंदर से कोरा हो, तो मालिक जाए तब भी ये रहेगा."

मी म्हणालो, "मॅडम, एक तरफ कर्मचारी है, दूसरी तरफ उसकी पत्नी."

"हाँ सर."

"तो कर्मचारी गया..."

मॅडमनी संगणक माझ्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "सर, टेस्ट डेटा डाला हुआ है. चलाकर देख लेते हैं."

चाचणीसाठी आमच्याच एका रजिस्टरातली नावं संगणकात घातली होती. कोणाला तरी मारून पाहायचं होतं. दुसऱ्याला कसं मारायचं? मी माझंच नाव उघडलं आणि त्यापुढे 'मृत' अशी नोंद केली. मग बायकोचं नाव शोधलं.

'रिकॉर्ड उपलब्ध नहीं है.'

मुलीचं नाव शोधलं. तेच उत्तर. पुन्हा बायकोचं शोधलं. तेच. खोटी नोंद आहे, एक कळ दाबली की पूर्ववत होणार आहे, हे माहीत असूनही मी उठून व्हरांड्यात गेलो आणि घरी फोन लावला.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही."

"मग काहून फोन केला?"

"काय करतेयस?"

"कुकर लावून राहिली. बरं आहे ना तुम्हाला?"

मी बरं आहे म्हणालो. कुकरची शिट्टी ऐकली आणि फोन ठेवला.

परत आलो आणि वहिनींचं नाव घातलं. ते होतं! क्षणभर मोकळा श्वास घेतला. मग वर पाहिलं, तर भावाच्या नावापुढे 'जीवित' असं होतं. त्याच्या जाण्याची नोंद या रजिस्टरात कधी झालीच नव्हती. म्हणजे भाऊ चुकून जिवंत होता, म्हणून वहिनी होत्या. आणि अशा चुका शोधून दुरुस्त करायचं काम ऑफिसने माझ्याकडेच दिलेलं होतं. पुढच्या आठवड्यात मी भावाची नोंद बरोबर केली असती. काटा काढल्याचं समाधानही मानलं असतं.

"ये किसने तय किया?" माझा आवाज चढला होता.

मॅडमनी जुन्या फायली उघडून पाहिल्या. "किसी ने तय नहीं किया, सर. आपके पुराने फॉर्म में पत्नी का नाम कर्मचारी के नीचे छपा है. तो हमने नीचे लगा दिया."

मला कोणीतरी दोषी हवा होता. मिळाला तो आमचाच फॉर्म, जो मी शेकडो वेळा तपासला असेल.

मग त्यांनी दुरुस्ती कशी करतात ते दाखवलं. नकाशात सगळ्यात वर 'व्यक्ति' असा एक चौकोन होता. कर्मचाऱ्याच्या चौकोनापासून त्याच्याकडे पोकळ त्रिकोणाचा बाण गेला होता. "ये तिकोन कब लगता है? वाक्य बोलकर देखिए. सच लगे तो लगेगा. कर्मचारी व्यक्ति है. सच?"

"सच."

"पत्नी व्यक्ति है."

आम्ही दोघांनी कागदाकडे पाहिलं. पत्नीच्या चौकोनापासून वर एकही बाण जात नव्हता.

साहेब कधी येऊन मागे उभे राहिले, कळलं नाही. हसून म्हणाले, "अरे भाई, ये भी कोई लिखने की बात है?"

"लिखी नहीं है, सर," मी म्हणालो.

ते हसायचे थांबले. खुर्ची ओढून बसले, 'मृत'ची चाचणी त्यांनी स्वतःच्या नावावर करून पाहिली. नकाशा त्याच दिवशी परत गेला. दुरुस्त होऊन आला तेव्हा कार्ड व्यक्तीचं होतं, कर्मचाऱ्याचं नव्हतं, शंकरपाळी आता भरलेली नव्हती, आणि पत्नीच्या आणि मुलांच्या चौकोनांतून वर बाण गेलेले होते. प्रत्येक रेघ बोटाने पुन्हा तपासून मी सही केली. त्यानंतर भावाची नोंद बरोबर केली. लगेच वहिनींचं नाव शोधलं. होतं.

नवी कार्डं आली तेव्हा वहिनींचं कार्ड मी स्वतः गढ्याला नेऊन दिलं. प्लास्टिकचं, चकचकीत. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. मला वाटलं, खूश होतील.

"भाऊजी, ह्यांचा फोटो काहून काढला?"

इतकं सगळं तपासलं, आणि फोटोचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. कार्ड एका व्यक्तीचं, म्हणून फोटो एकाच व्यक्तीचा, असं काहीसं मी सांगितलं.

"तुमच्या त्या चित्रात तरी आहेत का?"

त्यांच्या घरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दोन चौकोन काढले. एक भावाचा, एक त्यांचा. मधे रेघ. भावाच्या बाजूला शंकरपाळी, न भरलेली.

"हा मणी कोरा काहून?"

"कोरा म्हणजे," मी म्हणालो, "तो गेला तरी तुम्ही राहता."

वहिनींनी त्या कोऱ्या मण्यावर बोट ठेवलं.

"राहते खरी," त्या म्हणाल्या. मग नवं कार्ड त्यांनी निळ्या जुन्या कार्डाच्या मागे सरकवलं आणि दोन्ही पर्समध्ये ठेवली.