नव्या जिल्ह्यात नाव चढवायचे पंधरा रुपये

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या गावाला वाटलं, आपण घरादारासकट दुसरीकडंच कुठंतरी राहायला गेलो. मी तेव्हा औशाजवळच्या एका खेड्यात शाळेवर होते. नवरा नांदेडला नोकरीला, म्हणून घरात मी आणि सासू दोघीच. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्या मला मास्तरीण. लाडानं नव्हे हं, चिडवायला!

अशात एक माणूस सायकलवर आला. काखेत रजिस्टर, खिशात शिक्का. म्हणे, "जिल्हा बदललाय. उस्मानाबादच्या वहीतली नावं खोडणार. नव्या वहीत चढवायचे पंधरा रुपये. पोस्टाचं पुस्तक असंल तर तेबी द्या, लातूरचा शिक्का मारून आठ दिवसांत आणून देतो."

आता हसायला काय जातंय! पण आमच्या बायकांनी दुष्काळात रस्त्यावर खडी फोडलेली. हजेरीपटावर नाव नसलं तर दिवसभर राबूनही हातावर काही पडत नाही, हे त्यांनी भोगलं होतं. नाव खोडणार म्हटल्यावर चावडीपुढं ही रांग लागली. आत्याबाई सगळ्यांत पुढं. त्यांनी पैसे दिले, पुस्तक दिलं, वर कोऱ्या फॉर्मवर अंगठाही उठवून दिला.

त्या पुस्तकात त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे होते, खडीच्या मजुरीपासून साठवलेले. डोळे असे झाले होते की दारातल्या म्हशीला त्या "या, बसा" म्हणायच्या.

आठ दिवस गेले, पंधरा गेले, सायकल काही फिरकली नाही. मग मी तोंड सोडलं. "अंगठा देताना इचारायचं तरी! घरात शिकलेलं माणूस हाय का न्हाई?" आत्याबाई गप्प. माझी सासू आणि गप्प! शेजारीण खास बघायला आली.

दोन दिवसांनी त्याच उठल्या. "चल पोस्टात. वरडून पुस्तक येनार हाय व्हय?"

पोस्टमास्तर भला माणूस. खातं बघून म्हणाले, "आजी, पैसे जागेवर आहेत. एक जण तुमच्या अंगठ्याचा फॉर्म घेऊन आला होता. बाईला समोर आण म्हटलं, तर पळाला. खातं मी थांबवून ठेवतो. पण नवं पुस्तक पाहिजे तर पोलिसांत तक्रार नोंदवून त्याचा कागद आणा."

ठाण्यात हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या हातचं काही लिहिलेलं? पावती, चिठ्ठी? त्याशिवाय तक्रार कशी नोंदवू?" अंगठेवाल्या बायकांना कोण पावती देतंय! आत्याबाईंनी मान हलवली. कागद नाही तर पुस्तक नाही, पुस्तक नाही तर डोळे नाहीत. शेवटी मी पर्समध्ये हात घातला आणि पावती टेबलावर ठेवली.

कारण तो आधी शाळेत आला होता. माझं सर्व्हिस बुक नव्या जिल्ह्यात चढवायचे त्यानं पावती देऊन पंचवीस घेतले. शिकलेल्यांना दर जास्त! घरी मी चकार शब्द काढला नव्हता, आणि वर सासूला अक्कल शिकवत होते. लाज वाटली, खरंच लई लाज वाटली.

"आत्याबाई," मी पुटपुटले, "मीबी फसले."

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "त्यानंच चावडीवर सांगितलं, तुमच्या मास्तरणीनं भरलेत म्हणून. तवाच तर म्या अंगठा दिला."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. दोन दिवस माझी बोलणी खाल्ली त्या बाईनं, आणि हे एक वाक्य तोंडातून काढलं नाही.

पावतीवरून तक्रार नोंदली गेली, नवं पुस्तक मिळणार हे पक्कं झालं. हवालदार लिहिता लिहिता थांबला. "आजी, मास्तरीणबाईंनी भरले म्हणून तुम्ही दिले, असं लिहू ना?"

"ते नगा लिहू, सायेब," आत्याबाई म्हणाल्या. "तिला उद्या पोरांपुढं हुभं ऱ्हायचं असतंय. लिहा, म्हातारीच येडी हाय."