पानगूने हात खाली घेतले तेव्हा

मेई गेल्याचा फोन पिनांगहून तिच्या मुलाने केला, तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. गॅस बंद करायचंही सुचलं नाही, दाणे कोळसा झाले... ती समोर असती तर म्हणाली असती, "सुमन, फर्स्ट गॅस, देन क्राय."

महिना उलटला त्याला. नव्वदच्या दशकात अमिरातीतल्या अल ऐनच्या एका भारतीय शाळेत मी गणित शिकवायचे आणि मेई पीटी. मलेशियातली चिनी बाई. दुकानदारांकडून उचललेलं हिंदी ती अशा रुबाबात बोलायची की समोरच्याला आपलंच हिंदी कच्चं वाटावं. आणि तेव्हाची मी? स्टार्चची साडी, स्टार्चचाच आवाज. मन म्हणजे मालकीण, शरीर म्हणजे घरगडी. गड्याने कुरकुर केली की त्याला दम भरायचा, हे माझं तत्त्वज्ञान. त्या काळातले माझे फोटो बघितले की मलाच उठून उभं राहावंसं वाटतं.

एका वर्षी गड्याने संप केला. उजवा खांदा धरला आणि हात छातीच्या वर जाईना. फळ्यावर लिहिणार कशी? मार्चमध्ये करार संपत होता. मुख्याध्यापिकाबाई गोड हसून विचारायच्या, "तोपर्यंत हात बरा होईल ना? इन्शाल्ला?" ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून आम्ही सगळे माझ्याच व्हिसावर होतो. नोकरी गेली की खलास, चंबूगबाळं आवरा. म्हणून मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या भिंतीला हात टेकवून, दातओठ खात तो वर ढकलायचे. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ढकलायचे.

"यह हाथ दुश्मन है क्या तुम्हारा?" मेईने एकदा विचारलं.

"ऐकतच नाही मेला," मी मराठीतच म्हणाले. तिला कळलं.

मग माझ्या डब्यातलं थालीपीठ खात तिने चिनी पुराणातल्या पानगूची गोष्ट सांगितली. आधी सगळं विश्व एका अंड्यात होतं. त्यातून पानगू निघाला आणि आभाळ खाली पडू नये म्हणून दोन्ही हातांनी ते तोलत युगानुयुगं उभा राहिला. शेवटी थकून आडवा झाला, तिथेच मेला. त्याचा श्वास झाला वारा, डोळे झाले सूर्य-चंद्र, रक्ताच्या नद्या झाल्या.

"आणि माणसं?"

"उसके बदन की जुएँ."

मला ठसका लागला. आमच्याकडे नराचा नारायण होतो आणि हिच्याकडे माणूस म्हणजे ऊ. मेई मात्र गंभीर. "देखो, हाथ ऊपर था तब तक कुछ नहीं बना. हाथ नीचे, तब दुनिया." तिचे आजोबा ताओ मानणारे. मन हा देहाचा राजा खरा, पण चांगला राजा हुकूम सोडत बसत नाही, तो स्वस्थ असला की बाकीचे आपापलं काम करतात, असं ते म्हणायचे म्हणे.

"तो मैं क्या करूँ? हाथ नीचे रखूँ और नौकरी छोड़ूँ?"

"नहीं. बोर्ड नीचे करो."

इतकी साधी गोष्ट गणिताच्या बाईंना सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सुतारामागे "यल्ला, यल्ला" अशी अरबीत घाई करत तिने फळा कमरेपर्यंत उतरवून घेतला. मी खुर्चीत बसून लिहू लागले. मागची मुलं दिसावं म्हणून बाकांवर गुडघे टेकून बसली आणि भूमितीच्या तासाला प्रथमच कुणी पेंगलं नाही. मुख्याध्यापिकाबाई दारातून बराच वेळ बघत राहिल्या. मार्चमध्ये करार पुढे चालू झाला. आणि हात... त्याला दम भरायचं सोडल्यावर वर्षभरात तो आपला आपणच वर गेला.

"तूने ठीक किया," मी मेईला म्हणाले.

"मैंने कुछ नहीं किया. तुमने भी नहीं. इसीलिए."

आता माझा हात माळ्यापर्यंत जातो. पण फोन आला त्या आठवड्यात मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि कमरेच्या उंचीवर खिळा ठोकून तिथे टांगलं. नात म्हणते, "आजी, धिस इज टू लो." ह्यांची तर एक चतुर्थी चुकली. येणाऱ्याजाणाऱ्याला तारीख बघायची तर वाकावं लागतं.

वाकू देत.