साहेबी सुरी

पांढुर्णा जिल्हा झाला आणि आमचे शेजारी, कचेरीतले बाबू, घरातल्या घरात साहेब झाले. नागपूरहून त्यांनी लोणी लावायची चकचकीत सुरी आणली. तिने ते पाकिटं फोडत, डब्यांची झाकणं उचकटत, स्विचबोर्डाचे स्क्रूसुद्धा पिळत. लोण्याला मात्र ती कधी लागली नाही. "पाहुणे येऊ द्या, मंग पाहा," म्हणत.

पाहुणे आले ते थेट त्यांच्या मुलीला बघायला. मलाही बसवून घेतलं. ताटात ज्वारीची भाकर, मधोमध लोण्याचा गोळा आणि त्यात उभी खोचलेली सुरी.

"हात नका लावू जी, हिनंच घ्या!" शेजारी सगळ्यांना बजावत होते. पाहुणे अवघडून कोरडी भाकर चावत होते. मुलीचा चेहरा उतरत चालला.

तेवढ्यात न्हाणीतून ओरडा आला. नवऱ्या मुलाची आजी आत अडकली होती, दाराची कडी निघेना.

"अरे, मी गुदमरून राहिली ना इथं!"

शेजारी लोण्यातली सुरी उपसून धावले. दाराच्या फटीतून ती सरकवून त्यांनी जोरात हिसका दिला. कडी उघडली, सुरी मोडली.

आजी येऊन पानावर बसल्या. शेजारी क्षणभर घुटमळले, मग हात धुऊन आले आणि त्यांनी बोटांनीच लोणी उचलून मुलाच्या वडिलांच्या भाकरीवर थापलं.

आजींनी आपली भाकर पुढे केली.

"व्याही, माह्या भाकरीले जरा जास्त लावा जी."